गाईला गोठा आवडतो की मोकळं रान? माळव्यातल्या गोपालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं घर इंदूरच्या रामबागेतलं, गाई मात्र सिमरोलच्या रस्त्याला. वडिलांनी तिथे जमीन घेतली तेव्हा दोन गाई होत्या. आज अकरा आहेत: सहा संकरित एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन या विलायती जातीच्या रक्ताच्या), तीन गीर आणि दोन माळवी. इंदूर, महू, देवास, उज्जैनकडच्या ओळखीच्या मराठी मंडळींपैकी कुणी नव्याने गाई घेतल्या की आमच्याकडे फोन येतो, आणि बोलणं फिरून फिरून एकाच ठिकाणी येतं: "ताई, गाय बांधून ठेवू की सोडू?" दर वेळी फोनवर अर्धंच सांगून होतं. म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवते आहे.

गाईला नेमकं काय हवं असतं, गोठा की कुरण?

दोन्ही हवं असतं, पण वेगवेगळ्या वेळी. ऊन तापलं की तिला सावली, वारा, पाणी आणि भरलेली गव्हाण लागते. दिवस कलला की मोकळी जमीन लागते, बसायला मऊ आणि अंग पसरायला ऐसपैस. तुमच्या गोठ्याचं फाटक संध्याकाळनंतर उघडं असतं का, एवढं मला सांगा. बाकीचं त्यावरून ठरवता येतं.

हे कशावरून म्हणता? गाय काही बोलून सांगत नाही.

बोलत नाही, पण निवडते. कॅनडात ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचा अगासिझ गावी गाईंचा मोठा गोठा आहे. मरीना फॉन काइझरलिंक आणि डॅन वीअरी या प्राध्यापकांच्या गटाने तिथे वर्षानुवर्षं हेच काम केलं आहे. 2009 साली त्यांनी प्रसिद्ध केलेला प्रयोग अगदी सरळ होता. गोठा चांगला, प्रत्येक गाईला बसायला स्वतंत्र खण, आत मिश्र खुराक. शेजारी कुरण. मधलं दार उघडं. मग नुसतं पाहत राहायचं की कोण कुठे जातं.

गाई दिवसाच्या 24 तासांपैकी सरासरी 13 तास कुरणावर राहिल्या. मात्र हे 13 तास दिवसभर सारखे वाटलेले नव्हते. त्यातला मोठा भाग रात्रीचा होता. दिवसा, विशेषतः उकाडा वाढला की, त्या आत येत आणि गव्हाणीवर उभ्या राहत. रात्री पाऊस असला की कुरणावरचा वेळ घटायचा. वर्षभर गाईंबरोबर वावरणाऱ्या माणसाला हे वाचून नवल वाटणार नाही, पण आपल्या डोळ्यांना जे दिसतं ते कुणीतरी घड्याळ लावून मोजलं, याचं मला फार समाधान वाटलं.

आवडणं वेगळं आणि गरज असणं वेगळं. गाईला कुरण नुसतं आवडतं, की त्यासाठी ती कष्टही घेईल?

हा फार नेमका प्रश्न आहे, आणि शास्त्रज्ञांनाही तो पडला होता. ऑक्सफर्डच्या मॅरियन स्टँप डॉकिन्स यांनी कोंबड्यांच्या बाबतीत तो खूप आधी मांडला: प्राण्याने एखादी गोष्ट निवडली एवढं पुरेसं नाही, तिच्यासाठी तो किती किंमत मोजतो ते बघा.

गाईंसाठी ही किंमत अशी ठरवली गेली. कुरणाच्या वाटेवर एक फाटक, आणि त्याला वजन बांधलेलं. गाईने डोक्याने रेटून ते उघडायचं. रोज थोडं वजन वाढवत न्यायचं आणि बघायचं की ती कुठे थांबते. हाच खेळ ताज्या खुराकासाठीही लावला. 2017 साली त्याचा निकाल प्रसिद्ध झाला: धार काढून झाल्यावर ताज्या खाण्यासाठी गाय जेवढं वजन रेटते, तेवढंच कुरणासाठीही रेटते, आणि रात्रीच्या वेळी ओढ जास्त असते. भुकेल्या गाईला गव्हाणीकडे धावताना ज्याने पाहिलं आहे, त्याला या तुलनेचं वजन कळेल.

पण हे सगळं थंड मुलुखातलं. आमच्याकडे मे महिन्यात गाय बाहेर सोडली तर मरेल.

दुपारी सोडली तर खरंच हाल होतील. म्हणूनच या प्रश्नाला मी सगळ्यात जास्त वेळ देते.

उष्णता आणि हवेतला दमटपणा मिळून एक आकडा काढतात, त्याला तापमान-आर्द्रता निर्देशांक म्हणतात. हा आकडा 72 च्या वर गेला की विलायती रक्ताच्या दुभत्या गाईला त्रास सुरू होतो, असं पूर्वीपासून धरतात. भरपूर दूध देणाऱ्या गाईंसाठी हल्ली 68 च धरतात. आता आपल्याकडचं गणित करून पाहा. मे महिन्यातली दुपार, 40 अंश आणि दमटपणा 20 टक्के: निर्देशांक येतो 84 च्या घरात. त्याच रात्री उशिरा 25 अंश आणि 40 टक्के: 71. आता जुलैतली उघडीप घ्या, फक्त 30 अंश, पण दमटपणा 80 टक्के: 83. म्हणजे आपल्याला बरी वाटणारी पावसाळ्यातली दुपार गाईला जवळजवळ मे महिन्याइतकीच जड जाते. वर या आकड्यात थेट उन्हाचा चटका धरलेलाच नाही. काळ्या पाठीच्या एचएफला तो वेगळा सोसावा लागतो.

"सुबह-ए-बनारस, शाम-ए-अवध, शब-ए-मालवा" असं आपल्याकडे म्हणतात. माळव्याच्या रात्रीचं हे कौतुक गाईच्या अंगाला तंतोतंत लागू पडतं. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवरचं पठार, कोरडी हवा, निरभ्र आकाश. दिवसभर साठलेली उष्णता गाय रात्री बाहेर टाकते, आणि मोकळ्या आभाळाखाली ती लवकर निघून जाते. पत्र्याच्या गोठ्यात तसं होत नाही. दिवसभर तापलेला पत्रा आणि भिंती रात्री उशिरापर्यंत धग सोडत राहतात. मे महिन्यात रात्री नऊ वाजता आपल्या गोठ्यात उभे राहा, मग बाहेर या. त्वचेलाच फरक कळतो. आपण ज्या रात्री गच्चीवर गादी टाकून झोपतो, त्याच रात्री गाय मात्र पत्र्याखाली दाव्याला असते.

त्यात तिच्या पोटात भट्टी असते. चारा पचताना कोठीपोटात जी उष्णता तयार होते, तिचीही भर पडते. म्हणून उन्हाळ्यात आम्ही खुराकाचा मोठा वाटा पहाटे आणि दिवस मावळल्यावर देतो. दुपारी फक्त पाणी, सावली आणि थोडी वैरण.

दिवसा गोठा, रात्री रान: आपल्या हवेत याहून चांगलं वेळापत्रक मला सापडलेलं नाही. थंडीत उलट करा. डिसेंबर-जानेवारीत सकाळचं कोवळं ऊन बाहेर आणि गार वाऱ्याच्या रात्री आडोशाला.

रात्री सोडायची म्हणजे भीती वाटते. चोरी होते, कुत्री येतात, महू-मानपूरकडे तर बिबट्यापण असतो.

भीती खरी आहे. उघड्या माळावर रात्री सोडा असं मी कुणालाच सांगत नाही. गोठ्याला लागूनच चारी बाजूंनी बंद केलेलं आवार हवं, गोठ्याचं दार त्यात उघडणारं. तारेची जाळी माणसाच्या डोक्याहून उंच, खाली कुत्रं शिरणार नाही अशी गाडलेली, एक दिवा, आणि माणूस झोपतो ती खोली त्याच बाजूला. वासरं रात्री नेहमी आत. ज्यांचं शेत जंगलाला लागून आहे त्यांनी गाईसुद्धा पहाटेच सोडाव्यात. गाय तशीही पहाटे आणि तिन्हीसांजेला सगळ्यात जोमाने चरते. तो वेळ मिळाला तरी बरंच पदरात पडतं.

माझ्याकडे कुरणच नाही. इंदूरजवळच्या जमिनीचे भाव तुम्हाला ठाऊकच आहेत.

ठाऊक आहेत. गावोगावची चरनोईची, म्हणजे गुरं चारायला राखलेली जमीनही आक्रसत गेली आहे, आणि जी आहे तिच्यावर गवतापेक्षा गाजरगवत जास्त दिसतं. शहराच्या हद्दीतले गुरांचे वाडे उठले तेव्हा कितीतरी जणांनी बाहेर जागा घेतली, पण ती गोठ्यापुरतीच.

तरीही दावं सोडता येतं. आपल्याकडे मुक्त संचार गोठा म्हणतात तो हाच. प्रत्येक गाईमागे साधारण 3.5 चौरस मीटर छपराखाली आणि 7 चौरस मीटर उघड्यावर, असं माप पशुपालनाच्या पुस्तकांत देतात. दहा गाईंना उघडं आवार 70 चौरस मीटर, म्हणजे साडेसातशे चौरस फूट. एखाद्या मंगल कार्यालयाच्या स्टेजएवढी ही जागा आहे. एवढ्यात गाय चालू शकते, अंग घासू शकते, मैत्रिणीच्या शेजारी बसू शकते आणि जिच्याशी पटत नाही तिच्यापासून दूर जाऊ शकते. गाईंमध्ये हे असतंच. आमची कपिला आणि तांबडी एकमेकींच्या मानेवर मान ठेवून रवंथ करतात, आणि चंद्री आली की दोघी उठतात.

आवार गवताची बरोबरी करत नाही, हेही सांगितलं पाहिजे. गाईंना गवताचं कुरण आणि वाळूचं आवार असे दोन्ही पर्याय देऊन पाहिलं गेलं, तेव्हा रात्री त्यांचा कल गवताकडेच होता. पण दाव्याला बांधलेल्या गाईला असं आवार मिळणं ही लहान गोष्ट नव्हे. एखादा कडुनिंब किंवा शिरीष असेल तर तोडू नका, आवार त्याच्याभोवती आखा.

चरायला सोडली तर दूध कमी होणार नाही का?

नुसत्या चराईवर ठेवली तर होईल. इथे कुणाला खोटी आशा दाखवणं मला पटत नाही. पंधरा-वीस लिटर देणाऱ्या संकरित गाईला लागणारी ऊर्जा आपल्या माळावरच्या गवतातून मिळत नाही. कॅनडातल्या त्याच गटाने काही गाईंना चार आठवडे कुरणावर ठेवलं. त्यांची चाल गोठ्यातल्या गाईंपेक्षा स्पष्ट सुधारली, दूध मात्र कमी झालं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

गाईलाही हे कळतं. इंग्लंडमधल्या हार्पर ॲडम्स विद्यापीठातले प्रयोग यासाठी वाचण्यासारखे आहेत. तिथे कुरण गोठ्यापासून 60, 140 आणि 260 मीटरवर ठेवून पाहिलं. दिवसा कुरण लांब असलं की गाई तिकडे कमी जायच्या, कारण खुराक गोठ्यात होता. रात्री मात्र अंतराने काहीच फरक पडला नाही. पाव किलोमीटर चालून त्या जातच राहिल्या. दिवसा पोटासाठी गोठा आणि रात्री विसाव्यासाठी कुरण, असा हा हिशेब दिसतो.

म्हणून पोटभर खाऊ घालूनच सोडा. आमच्याकडे संध्याकाळची धार, मग मका किंवा मुरघास (आंबवून साठवलेला हिरवा चारा), गव्हाचा भुसा आणि पेंड, आणि मग फाटक. बाहेर ती जे चार घास ओरबाडते ते तिच्या मनासाठी. दुधाचं गणित गव्हाणीत झालेलं असतं. असं केल्यावर आमचं दूध घटलं नाही.

गोठ्याची जमीन कशी असावी?

हे लिहिताना मला आजही वाईट वाटतं. पहिला पक्का गोठा बांधला तेव्हा ज्यांनी तो बांधून दिला त्यांनी जमीन गुळगुळीत घोटून दिली. "धुवायला सोपं जाईल," म्हणाले, आणि आम्हाला ते पटलं. पहिल्याच पावसाळ्यात गौरी घसरली. मागचे दोन्ही पाय दोन बाजूंना फाकले आणि ती तशीच बसली. आठ महिन्यांची गाभण होती. डॉक्टर आले, पाय बांधले, पोत्यांच्या गाद्या केल्या, आम्ही आळीपाळीने कूस बदलत राहिलो. वासरू वाचलं. गौरी पुन्हा नीट उभी राहिली नाही.

तेव्हापासून मी प्रत्येकाला एक चाचणी करायला सांगते. गाय जिथे बसते तिथे जा, आणि हात न टेकता दोन्ही गुडघ्यांवर धप्पकन बसा. दुखलं? मग ती दिवसातून कितीतरी वेळा तेच करते आहे, चारशे-पाचशे किलो वजन घेऊन. गाय बसताना आधी पुढचे गुडघे टेकते, मग मागचा भाग खाली सोडते. धड जागा मिळाली तर ती दिवसाचे दहा-बारा तास बसून काढते. जागा टणक असली की ती बसायचंच टाळते, उभीच राहते, आणि खूर बिघडतात.

गव्हाणीपुढे सिमेंट चालेल, पण त्याला खाचा पाडलेल्या हव्यात. बसायची जागा मातीची, मुरमाची किंवा वाळूची ठेवा, वर सोयाबीनचा किंवा गव्हाचा भुसा. आणि माती म्हणजे मागासलेपण असं इंदूरच्या माणसाने तरी म्हणू नये. सर अल्बर्ट हॉवर्ड 1924 ते 1931 इथे होते, आज जिथे आपलं कृषी महाविद्यालय आहे तिथेच त्यांची संस्था होती. जगभर "इंदूर पद्धत" म्हणून ओळखलं जाणारं कंपोस्ट त्यांनी इथेच बसवलं, आणि त्याचा पाया होता बैलांच्या गोठ्यातली मातीची जमीन. जनावरांखाली पालापाचोळा अंथरायचा, गोमूत्र मातीत मुरू द्यायचं, काही महिन्यांनी ती माती खणून खताच्या ढिगात घालायची आणि नवी माती भरायची. जनावराला मऊ अंथरूण आणि शेताला खत, एकाच कामात. आम्ही आजही तेच करतो.

पावसाळ्यात काय करायचं? आमच्या काळ्या मातीत माणूस रुततो.

पावसाळ्यात गाईचंच ऐका. मुसळधार पावसात फाटक उघडं असलं तरी आमच्या गाई छपराखालीच थांबतात, रिमझिम असली की निघतात. चिखल मात्र वाईट. काळ्या चिखलात खुरांच्या बेचक्या भिजून सडतात आणि चिखलाने माखलेली कास म्हणजे स्तनदाहाला आमंत्रण. फाटकातल्या आणि पाण्याच्या टाकीभोवतालच्या जागेत गाई सगळ्यात जास्त तुडवतात. तिथे दगड-मुरूम भरून घ्या. आवाराला उतार द्या. चिखल घोट्याच्या वर गेला तर ते आठ दिवस गोठ्यातच, पण मोकळ्या, बांधलेल्या नव्हे.

घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाळ्याआधी, लाळ्या-खुरकुताची वर्षातून दोनदा. 2022 साली लम्पी या त्वचेच्या साथीने किती गाई नेल्या ते सगळ्यांच्या लक्षात असेल, त्याचीही लस चुकवू नका. गोचीड आणि जंतांचं औषध पशुवैद्यांना विचारून. बाहेर जाणाऱ्या गाईला या गोष्टी जास्त लागतात, हे मान्य करूनच सोडायचं.

माळवी, गीर आणि एचएफ, सगळ्यांना एकच नियम लावायचा का?

नाही. आपल्या वशिंडाच्या गाईंची कातडी सैल असते, घाम जास्त येतो आणि अंगात उष्णताही कमी तयार होते. आगर-शाजापूरकडची माळवी तर मुळात बैलांसाठी नावाजलेली जात, चालणं तिच्या रक्तातच आहे. आमच्या दोघी माळवी गाई मार्चमधल्या अकरा वाजताही बिनधास्त बाहेर असतात, तेव्हा एचएफ पंख्याखाली उभ्या राहून धापा टाकत असतात. त्यामुळे एचएफला सावली आणि वारा आधी, फिरणं मग. एवढं खरं की रात्र झाली की सगळ्या जाती एकाच वेळी फाटकाशी येतात.

फाटक उघडलं तरी आमची गाय जातच नाही. म्हणजे तिला गोठाच आवडतो, नाही का?

इतक्यात निकाल देऊ नका. जन्मापासून दाव्याला असलेल्या गाईला बाहेर म्हणजे काय ते ठाऊकच नसतं. चरणं हीसुद्धा शिकण्याची गोष्ट आहे. कालवड आईबरोबर, मोठ्या गाईंबरोबर ती शिकते. बाजारातून आणलेली आमची एक एचएफ पहिले नऊ दिवस उंबऱ्यावर उभी राहून बाहेर बघत होती. दहाव्या दिवशी तांबडीच्या मागोमाग दोन पावलं गेली आणि परत आली. महिन्याभराने तिलाच आत आणायला वेळ लागू लागला.

वाटही तपासा. दारात घसरडा उतार आहे का? वाटेत खडी टोचते का? वाट एवढी अरुंद आहे का, की दांडगी गाय आडवी उभी राहिली तर गरीब गाय जाऊच शकत नाही? बाहेर पाणी आहे का? उन्हाळ्यात दुभती गाय दिवसाला 60-80 लिटर पाणी पिते. पाणी फक्त आत असेल तर ती आतच घुटमळणार. आणि बाहेर हाकणारा माणूस काठी वापरत असेल, तर गाय कुरणाला नव्हे, काठीला घाबरते आहे.

बांधलेली गाय शांत असते. शांत म्हणजे सुखी नाही का?

माझे काका अगदी हेच म्हणायचे. मी त्यांना गोठ्यात नेऊन पंधरा मिनिटं उभं केलं. शांत गाय कान हलवते, रवंथ करते, आपण आलो की मान वळवून बघते, माशी बसली की शेपटी मारते. गप्प गाय वेगळी असते. ती एकाच ठिकाणी नजर लावून उभी असते, कान मागे, किंवा साखळी चाटत राहते, जीभ बाहेर काढून हवेतच गोल गोल फिरवत राहते. हे जीभ फिरवणं दिसलं तर समजा की तिच्या तोंडाला आणि मनाला काम नाही. काका त्या दिवशी काही बोलले नाहीत, पण पुढच्या आठवड्यात त्यांनी दोन गाईंचं दावं लांब केलं, आणि वर्षाच्या आत आवार बांधलं.

बाहेर काहीबाही खाल्लं तर?

लक्ष ठेवावंच लागतं. कोवळी ज्वारी, कापणीनंतर फुटलेले धुमारे आणि पावसाअभावी सुकत चाललेली ज्वारी यांत सायनाइडचं विष असतं, गाय तासाभरात जाऊ शकते. तिकडे फिरकू देऊ नका. उपाशी पोटी ओल्या बरसीमवर सोडलं तर पोटफुगी होते, आधी भुसा खाऊ घाला. घाणेरीने यकृत खराब होतं. गाजरगवताने दूध कडवट लागतं. रस्त्याकडेच्या प्लास्टिकबद्दल वेगळं सांगायला नको.

आम्ही नुसते दूध घेणारे आहोत. चरणाऱ्या गाईचं दूध ओळखता येतं का?

पिवळसर झाक हिरव्या चाऱ्यामुळे येते. हिरवा चारा गोठ्यातही दिला जातो, त्यामुळे रंगावरून गाय मोकळी होती की नाही ते कळत नाही. गवळ्याला विचारा, "भिया, गाई रात्री कुठे असतात?" शक्य असेल तर एकदा मुलांना घेऊन जा आणि बघा. वसुबारसेला जाल तर गाईला नैवेद्याची एखादीच पोळी द्या. शंभर घरांच्या शंभर पोळ्या पोटात गेल्या की आम्लता होऊन गाय दगावते.

सुरुवात कशी करू?

एका गाईपासून नको, ती एकटी बावरते. दोन-तीन एकत्र. दिवस मावळताना, पोट भरल्यावर, पहिल्या आठवड्यात तासभर. फाटक निदान दोन गाई शेजारून जातील एवढं रुंद. एका वहीत रोज तीन वेळा लिहा, रात्री नऊ, पहाटे चार, दुपारी दोन: किती गाई आत, किती बाहेर, किती बसलेल्या. महिन्याभरात तुमच्याच गाई तुम्हाला तुमच्या गोठ्याबद्दल सांगतील. आमच्या वहीने आम्हाला सांगितलं की पूर्वेकडच्या कोपऱ्यात कुणीच बसत नाही. जाऊन पाहिलं तर तिथे पत्र्याचं पाणी गळत होतं.

फरक किती दिवसांत दिसतो?

बसण्यात लगेच, चालण्यात महिन्या-दोन महिन्यांत. दुधात फरक दिसेल या आशेने करू नका, दिसला तर चांगलंच.

आमच्याकडे संध्याकाळी सातच्या सुमारास कपिला फाटकाच्या आडव्या बांबूवर हनुवटी टेकून उभी राहते. तिच्या श्वासाने बांबूवरची तेवढीच जागा ओलसर होते. बांबू काढला की ती घाई करत नाही. चार पावलं जाते, जमीन हुंगते, पुढचे गुडघे टेकते, मागून सगळं वजन सोडते आणि मोठ्याने उसासा टाकते. मग काही वेळाने रवंथ सुरू होतो.

तुमच्याकडे वही सुरू केलीत तर महिन्याभराने मला नक्की कळवा. रात्री नऊला किती गाई बाहेर होत्या, तो आकडा मला सगळ्यात आधी ऐकायचा असतो.